कोयता दोघांचा, नाव कुणाचं?

एप्रिल महिन्याचा अभ्यासपाठ : डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि कष्टकरी बाईचे हक्क

(हा पाठ बैठकीत मोठ्याने वाचून दाखवावा. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकांत घ्या. "थांबा आणि बोला" असं जिथे लिहिलं आहे तिथे खरंच थांबा. घाई करू नका.)



ऊसतोडीला गेलेल्या आपल्या बऱ्याच सख्या पाडव्याच्या आगेमागे गावात परतल्या आहेत. सहा महिने अर्ध्यामुर्ध्या भरणाऱ्या गटाच्या बैठका आता पुन्हा पूर्ण भरतील. त्यातच १४ एप्रिल आला. गावोगावी बाबासाहेबांची जयंती झाली किंवा होईल. मिरवणूक निघेल, फोटोला हार घातला जाईल, भाषणं होतील.

पण एक गोष्ट मोकळेपणाने बोलू या. आपल्या काही गावांत ही जयंती म्हणजे "त्या वस्तीचा कार्यक्रम" असं अजूनही समजलं जातं. एकाच गटात बचत भरणाऱ्या, एकमेकींच्या कर्जाला जामीन राहणाऱ्या बायका त्या दिवशी मात्र दोन बाजूंना होतात. काही जणी मिरवणुकीत असतात आणि काही जणी दारात उभ्या राहून बघतात. बाबासाहेबांनी संविधान लिहिलं, दलितांसाठी लढले, एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण ते मजुरांचे पुढारी होते, त्यांनी बाईच्या बाळंतपणाच्या रजेसाठी सभागृहात भाषण केलं, चार वर्षं देशाचं मजूर खातं सांभाळलं, हे किती जणींना ठाऊक आहे?

या पाठातून दोन गोष्टी समजून घ्यायच्या आहेत. पहिली, हक्क लिहून घ्यावा लागतो. दुसरी, नुसता लिहून भागत नाही, त्याच्यापर्यंत चालत जावं लागतं. बाबासाहेबांच्या आयुष्यात या दोन्ही गोष्टी पुन्हा पुन्हा दिसतात. आणि आपल्या मजुरीच्या प्रश्नालाही त्याच दोन गोष्टी लागू पडतात.

१. गिरणगावातलं घर

बाबासाहेबांचा जन्म १४ एप्रिल १८९१ रोजी महू इथे झाला. वडील रामजी सकपाळ सैन्यात सुभेदार होते. मूळ गाव कोकणातलं आंबडवे. शाळेत वेगळं बसावं लागलं, पाणी वरून ओतून प्यावं लागलं, या गोष्टी आपण ऐकलेल्या आहेत. त्या इथे पुन्हा सांगत नाही.

कमी सांगितली जाते ती गोष्ट अशी की बाबासाहेब मजुरांच्या वस्तीत वाढले आणि तिथेच राहिले. परदेशी शिकायला गेले ती वर्षं सोडली तर १९१२ ते १९३४ एवढा काळ ते मुंबईत परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. आजूबाजूला सगळं गिरणगाव. भोंगा वाजला की बाया-माणसं गिरणीत जायची. कोलंबिया आणि लंडनहून मोठ्या पदव्या घेऊन आलेला माणूस चाळीच्या दोन खोल्यांत संसार करत होता. मजुराचं पोट कशावर चालतं हे कळायला त्यांना पुस्तक उघडावं लागलं नाही.

त्या गिरण्यांमध्ये जात कशी चालायची ते ऐका. कापड विणण्याच्या खात्यात मजुरी जास्त मिळायची. पण दलित मजुराला त्या खात्यात घेत नसत. कारण काय, तर धागा तुटला की तो तोंडाच्या थुंकीने ओला करून जोडावा लागे. दलिताने ओला केलेला धागा बाकीचे हातात कसा धरणार? म्हणून त्यांना कमी मजुरीची कामं. मालकाने कमी मजुरी दिली तर सगळे मजूर एकत्र ओरडत. पण सोबतच्या मजुराला चांगल्या कामापासून दूर ठेवलं, यावर कुणी बोलत नसे. १९२८ साली गिरण्यांचा मोठा संप झाला तेव्हा बाबासाहेबांनी हाच प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर ठेवला. मालकाशी भांडताय ते बरोबरच आहे, पण आपल्याच माणसावरचा अन्याय कधी काढणार?

म्हणून त्यांच्याकडे नागरी हक्काची लढाई आणि मजुरीची लढाई अशा दोन वेगळ्या लढाया नव्हत्या. विहिरीवर ज्याला लांब उभं करतात त्यालाच कामावर कमी दाम मिळतो.

थांबा आणि बोला : आपल्या गावात अशी कुठली कामं आहेत जी ठराविक जातीच्या बायकांनाच सांगितली जातात? आणि अशी कुठली कामं आहेत जिथे त्यांना बोलावलं जात नाही? उदाहरणार्थ, शाळेचा पोषण आहार शिजवणं, लग्नातला स्वयंपाक, दूध घालणं. कुणावर आरोप न करता बोला.

२. कागदावरचं पाणी

पाणी भरणं हे आपल्याकडे बाईचंच काम. त्यामुळे महाडची गोष्ट बाईला लवकर कळते.

१९२३ साली मुंबईच्या कायदेमंडळात सीताराम केशव बोले यांनी एक ठराव मांडला आणि तो मंजूर झाला. सरकारी पैशातून बांधलेली किंवा सांभाळलेली तळी, विहिरी, धर्मशाळा अस्पृश्यांनाही खुल्या असाव्यात, असा तो ठराव. पुढच्या वर्षी महाडच्या नगरपालिकेनेही आपलं चवदार तळं सगळ्यांना खुलं केल्याचं जाहीर केलं. म्हणजे कागदावर पाणी मिळालं. प्रत्यक्षात? तळ्यावर जायची कुणाची हिंमत होत नव्हती.

२० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब हजारो लोकांसोबत चालत त्या तळ्यावर गेले आणि त्यांनी ओंजळीने पाणी प्यायलं. यात कायदा मोडला नव्हता. उलट कायद्यात लिहिलेलं होतं तेच केलं होतं. तरीही परिषदेला आलेल्या लोकांवर हल्ला झाला. तळं "बाटलं" म्हणून शेण-गोमूत्र टाकून ते शुद्ध करण्यात आलं. प्रकरण कोर्टात गेलं. हायकोर्टाचा शेवटचा निकाल लागला १७ मार्च १९३७ रोजी, अस्पृश्यांच्या बाजूने.

आता बोटांवर मोजा. ठराव १९२३ चा. चालत गेले १९२७ ला. निकाल १९३७ ला. एका तळ्याच्या पाण्यासाठी चौदा वर्षं लागली. पण ठरावच नसता तर कोर्टात दाखवायला काय होतं? आणि चालत गेलेच नसते तर ठरावाचा कागद कपाटात पिवळा पडला असता. दोन्ही हवं.

थांबा आणि बोला : आपल्याकडे कागदावर आहे पण वापरात नाही असं काय काय आहे? ग्रामसभेच्या आधी होणारी महिला सभा? सातबाऱ्यावर बाईचं नाव? घराच्या उताऱ्यावर दोघांची नावं? प्रत्येकीने एक तरी सांगा.

३. बाळंतपणाची रजा

१९२७ मध्ये बाबासाहेब मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले. १९२८ मध्ये तिथे एक बिल आलं. कारखान्यात काम करणाऱ्या बाईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर काही आठवडे सुट्टी मिळावी आणि त्या काळात तिला पैसेही मिळावेत, असं ते बिल होतं.

विरोध करणारे होतेच. म्हणणं असं की मालकाने कामाचे पैसे द्यायचे, काम न केल्याचे का द्यायचे? बाबासाहेबांनी बिलाला पाठिंबा देताना जे सांगितलं त्याचा मतलब असा : आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणं ही सगळ्या देशाच्या हिताची गोष्ट आहे, त्यामुळे या खर्चाचा काही भार सरकारने उचलला पाहिजे. पण बाईला कामावर घेऊन मालक फायदा कमावतो, म्हणून त्यालाही आपला वाटा झटकता येणार नाही.

या बोलण्यातली मेख लक्षात घ्या. बाळंतपण हा "तिच्या घरचा प्रश्न" नाही, असं त्यांनी भर सभागृहात सांगितलं. बाई मूल जन्माला घालते ते फक्त नवऱ्याच्या घराण्यासाठी नाही. उद्याचा मजूर, शेतकरी, शिक्षक, सैनिक तिच्याच पोटातून येणार. मग तिच्या विश्रांतीचा खर्च तिने एकटीनेच का सोसायचा?

१९२९ मध्ये मुंबई प्रांतात हा कायदा झाला. देशातला अशा प्रकारचा तो पहिला कायदा. पण तो कारखान्यातल्या बाईसाठी होता. शेतातली बाई त्याच्या बाहेरच राहिली. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढे तिच्याकडे परत यायचं आहे.

४. खोताची जमीन, मजुराचा संप

ऑगस्ट १९३६ मध्ये बाबासाहेबांनी पक्ष काढला. त्याचं नाव स्वतंत्र मजूर पक्ष. नावातच मजूर. त्यात एका जातीचे नव्हे तर सगळ्या कष्टकऱ्यांचे प्रश्न घेतले.

कोकणात तेव्हा खोती होती. कुळाने जमीन कसायची आणि खोताने त्यातला मोठा हिस्सा न्यायचा. कुळांमध्ये कुणबी होते, आगरी होते, महार होते. १९३७ मध्ये बाबासाहेबांनी खोती बंद करण्याचं बिल कायदेमंडळात मांडलं. जानेवारी १९३८ मध्ये हजारो शेतकरी कोकणातून मुंबईला आले आणि त्यांनी कायदेमंडळावर मोर्चा काढला. बिल तेव्हा मंजूर झालं नाही. खोती रद्द करणारा कायदा झाला १९४९ मध्ये. पुन्हा तेच, मागणी लिहिली एका साली आणि फळ आलं बारा वर्षांनी.

त्याच १९३८ मध्ये मजुरांच्या संपावर बंधनं घालणारं बिल आलं. त्याच्या विरोधात ७ नोव्हेंबरला मुंबईत मोठा संप झाला. एरवी ज्यांच्याशी मतभेद होते त्या कम्युनिस्ट पुढाऱ्यांसोबत बाबासाहेब त्यात उतरले. मजुराला काम नाकारण्याचा हक्कच नसेल तर तो गुलाम झाला, असं त्यांचं म्हणणं होतं. उचल घेतलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको.

५. नागपूरच्या बायकांचे ठराव

हा भाग खास आपल्यासाठी. २० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली. अध्यक्ष होत्या सुलोचनाबाई डोंगरे. हजारो बायका आल्या होत्या. तेव्हा एसटी नव्हती, मोबाइल नव्हता, सोबत लेकरं होती. बाबासाहेबांनी तिथे भाषण केलं. मुलांना शिकवा, लवकर लग्न लावून देऊ नका, लग्न झालेल्या मुलीने नवऱ्याशी मैत्रिणीच्या आणि बरोबरीच्या नात्याने वागावं, दासी म्हणून राहू नये, असं त्यांनी सांगितलं. समाज किती पुढे गेला हे ते त्या समाजातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजत.

पण भाषणापेक्षा मला महत्त्वाचे वाटतात ते त्या बायकांनी केलेले ठराव. बाईला नवऱ्यापासून कायद्याने वेगळं होण्याचा हक्क असावा, हा एक. आणि दुसरा मजुरीचा : गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका, रेल्वे इथे काम करणाऱ्या बायकांना रजा मिळावी, कामावर इजा झाली तर भरपाई मिळावी, म्हातारपणी पेन्शन मिळावी.

त्यातल्या कितीतरी जणींना वाचता येत नसेल. पण ठराव कसा करायचा हे त्यांना कळत होतं. मागणी तोंडी राहिली तर वाऱ्यावर जाते, लिहिली तर टिकते. आपल्या गटाच्या प्रत्येक बैठकीत आपण इतिवृत्त लिहितो, त्यात ठराव असतो, खाली सह्या आणि अंगठे असतात. ही सवय आपल्याकडे आधीच आहे. फक्त आपण ती कर्ज आणि बचतीपुरती वापरतो.

थांबा आणि बोला : आपल्या गटाच्या ठरावाच्या वहीत मजुरीबद्दलचा एक तरी ठराव आहे का? वही काढून बघा.

६. देशाचं मजूर खातं

जुलै १९४२ ते जून १९४६ या काळात बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. आजच्या भाषेत केंद्रातले कामगार मंत्री. परळच्या चाळीत राहिलेला माणूस आता दिल्लीत बसून देशभरच्या मजुरांचे कायदे लिहू लागला. थोडक्यात काही कामं बघा :

• कारखान्यात कामाचे तास आठवड्याला ५४ होते, ते १९४६ च्या दुरुस्तीने ४८ झाले. दिवसाचे आठ तास म्हणतात ते हेच.

• कारखान्यातल्या मजुराला वर्षातून काही दिवस पगारी सुट्टी मिळू लागली.

• खाणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळंतपणाच्या कायद्यात सुधारणा झाली. खाणीवर पाळणाघर असावं, अशी तरतूद आली.

• कोळसा खाणीतल्या मजुरांच्या घर, दवाखाना, पाणी यासाठी वेगळा कल्याण निधी सुरू झाला.

• एप्रिल १९४६ मध्ये त्यांनी किमान वेतनाचं बिल मांडलं. ते खातं सोडून गेल्यावर, १९४८ मध्ये त्याचा कायदा झाला. त्या कायद्याच्या यादीत शेतमजुरीही होती. १९२९ च्या कायद्याबाहेर राहिलेली शेतातली बाई निदान इथे, किमान मजुरीच्या कायद्यात आली.

एक अवघड गोष्टही सांगायला हवी, कारण थोर माणसाचा अभ्यास करायचा तर सोयीचं तेवढंच घेऊन चालत नाही. बाईने जमिनीखालच्या खाणीत उतरून काम करण्यावर बंदी होती. महायुद्धात कोळसा कमी पडला म्हणून १९४३ मध्ये सरकारने ती बंदी उठवली, आणि तेव्हा मजूर खातं बाबासाहेबांकडे होतं. यावर कडक टीका झाली. १९४४ मध्ये सभागृहात उत्तर देताना त्यांनी सांगितलं की ही युद्धापुरती अडचणीची सोय आहे. मात्र या कामावर बाईला पुरुषाएवढीच मजुरी मिळेल, आणि समान कामाला समान दाम हे तत्त्व एखाद्या उद्योगात पहिल्यांदाच मान्य झालं आहे. डिसेंबर १९४३ मध्ये ते धनबादच्या खाणी बघायला गेले होते आणि स्वतः खाली उतरले होते. फेब्रुवारी १९४६ मध्ये बंदी पुन्हा लागू झाली.

तुम्हाला काय वाटतं? बरोबर केलं की चूक? गटात दोन्ही बाजूंनी बोला. बाबासाहेबांना प्रश्न विचारणाऱ्या माणसाचं वावडं नव्हतं.

पुढे संविधानात हीच कामं ठळक अक्षरात आली. कलम १५ : जात, धर्म, बाई-पुरुष यावरून सरकारने भेदभाव करायचा नाही. कलम १७ : अस्पृश्यता बंद. कलम २३ : वेठबिगारी बंद. कलम ३९ : समान कामाला समान वेतन. कलम ४२ : कामाची माणसाला शोभेल अशी परिस्थिती आणि बाळंतपणातली मदत. यातली पहिली तीन कलमं मूलभूत हक्क आहेत, त्यासाठी कोर्टात जाता येतं. शेवटची दोन सरकारला दिलेली मार्गदर्शक तत्त्वं आहेत, त्यावर कायदे करायचे असतात. समान मोबदल्याचा कायदा १९७६ मध्ये झाला. आता तो वेतन संहिता, २०१९ मध्ये सामावलेला आहे.

७. आता आपल्या फडात या

इथवर आपण इतिहास वाचला. आता शीर्षकातला प्रश्न घ्या.

ऊसतोडीला जाताना मुकादम उचल देतो. कुणाला? नवरा-बायको मिळून "एक कोयता" धरतात. एकटा माणूस असला तर "अर्धा कोयता". म्हणजे मुकादमाच्या हिशोबात बाई अर्धी आहे, आणि तिच्याशिवाय कोयता पूर्ण होत नाही. पण उचलीच्या वहीत नाव कुणाचं? नवऱ्याचं. अंगठा कुणाचा? नवऱ्याचा. पैसे कुणाच्या हातात? तुम्हीच सांगा. पहाटे तीनला उठून कोपीत भाकऱ्या थापायच्या, मग फडात जायचं, ऊस तोडायचा, मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन गाडीत चढवायच्या. दिवस गेलेले असोत की ओली बाळंतीण असो, खाडा पडला की पैसे कापले. १९२८ मध्ये सभागृहात जो प्रश्न विचारला गेला, काम न केल्याचे पैसे का द्यायचे, तोच प्रश्न आज फडात मुकादम विचारतो. आणि बाईचं नावच कुठे लिहिलेलं नसेल तर तिने कुठल्या कागदावर बोट ठेवून बोलायचं?

ज्या सख्या गावात राहतात त्यांचीही गत फार वेगळी नाही. खुरपणीला, कापूस वेचायला, सोयाबीन काढायला जाताना बाईचा रोज वेगळा आणि गड्याचा वेगळा. विचारलं की उत्तर तयार : "गड्याचं काम जड असतं." कापूस वेचायला गडी लावून बघा म्हणावं, किती वेचतो ते. दिवसभर वाकून खुरपणाऱ्या बाईची कंबर काय हलकी असते का? रोजगार हमीच्या कामावर मात्र बाई आणि गडी यांना एकच दर असतो. म्हणजे जमतं. तिथे लिहिलेलं आहे म्हणून जमतं.

आणि एक गोष्ट आपल्याच हातातली. कर्जाचे अर्ज भरताना मी "व्यवसाय" हा रकाना विचारते, तेव्हा बहुतेक जणी म्हणतात, "लिहा घरकाम." सहा महिने ऊस तोडणारी, उरलेले सहा महिने दुसऱ्याच्या रानात राबणारी बाई कागदावर गृहिणी होते. मजूर म्हणून तिची मोजणीच होत नाही. मग मजुराच्या योजनेत तिचं नाव कसं येणार?

८. या महिन्याचं काम

जयंतीचा हार घालायचा तर जरूर घाला. त्यासोबत गटाने ही कामं करावीत असं संघाने ठरवलं आहे.

पहिलं काम : मजुरीची वही. प्रत्येक गटाने शंभर पानी एक वही घ्यावी. रकाने पाच : सखीचं नाव, काम, तारीख, किती तास, किती रोज मिळाला. सहावा रकाना घालायचा, "त्याच कामाला गड्याला किती?" महिनाभर लिहा. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या मुलींनी लिहावं. भांडायचं की बोलायचं ते नंतर ठरवू, आधी आकडे हातात येऊ द्या.

दुसरं काम : व्यवसायाचा रकाना. यापुढे कुठलाही अर्ज भरताना शेतमजूर, ऊसतोड कामगार, शिवणकाम, पशुपालन, जे करता ते लिहा. ई-श्रम कार्ड नसेल तर आधार कार्ड, बँकेचं पासबुक आणि आधारला जोडलेला मोबाइल घेऊन सेवा केंद्रात जा. वय १६ ते ५९ असावं. तिथेही व्यवसाय खरा सांगा.

तिसरं काम : ऊसतोडीला जाणाऱ्या सख्यांची नोंद. लोकनेते गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार कल्याण महामंडळासाठी ग्रामसेवकाकडे कामगारांची नोंदणी होते आणि ओळखपत्र मिळतं. तिथे नवऱ्याचं नाव आहे म्हणून समाधान मानू नका. बाईचं वेगळं नाव, वेगळं ओळखपत्र हवं. हे काम आत्ता उन्हाळ्यात करा. दसऱ्यानंतर गाड्या भरायला लागल्या की कुणालाच वेळ नसतो.

चौथं काम : गरोदर सखी. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेत पहिल्या बाळंतपणाला हप्त्याने ५,००० रुपये आणि दुसऱ्या वेळी मुलगी झाली तर ६,००० रुपये मिळतात. अंगणवाडी ताई किंवा आशाताईकडे वेळेत नोंद हवी. कारखान्यातल्या किंवा ऑफिसातल्या बाईला आज २६ आठवड्यांची पगारी रजा आहे. त्याच्यापुढे ही रक्कम थोडीच आहे, हे खरं. पण आहे ती तरी सोडू नका, आणि जास्तीची मागणी लिहून ठेवा.

पाचवं काम : ठराव. खाली नमुना देत आहे. आपल्या शब्दांत बदला.

"आज दिनांक ___ रोजी आमच्या गटाच्या बैठकीत सर्वानुमते ठरले की, गटातील कोणतीही सखी ऊसतोडीची उचल घेताना स्वतःचे नाव आणि स्वतःची सही किंवा अंगठा वहीत असल्याशिवाय घरच्यांच्या व्यवहारास संमती देणार नाही. तसेच गावात एकाच कामास बाई व पुरुष यांना एकच रोज मिळावा, हा विषय येत्या महिला सभेत व ग्रामसभेत मांडण्यात यावा. सूचक ___ अनुमोदक ___"

हा ठराव केल्यावर दुसऱ्याच दिवशी मुकादम बदलेल असं नाही. घरातही कुरकुर होईल. "आता बाया हिशोब मागायला लागल्या" असं पारावर बोललं जाईल. म्हणून एकटीने जाऊ नका. मुकादमाशी बोलायला दोन-तीन गटांनी मिळून जायचं, सोबत ग्रामसंघाच्या अध्यक्ष आणि सीआरपी ताई असतील. गावातले सगळे कोयते एकच गोष्ट मागू लागले तर मुकादमालाही विचार करावा लागतो, कारण त्यालाही कारखान्याला टोळी पोचवायची असते. आणि टोळी तेव्हाच होते जेव्हा सगळ्या वस्त्यांतल्या बाया एका बाजूला उभ्या राहतात. फडात मोळी उचलताना कुणी कुणाची जात विचारत नाही. मग ग्रामसभेत उभं राहतानाही विचारू नये.

संघाकडे केलेल्या ठरावाची एक प्रत १० मेपर्यंत आपल्या सीआरपी ताईकडे द्या. मजुरीच्या वहीतले आकडेही सोबत द्या, त्यात कुणाचं नाव छापणार नाही. सगळ्या गावांचे आकडे एकत्र करून जूनच्या अंकात देऊ. कुठल्या गावात कोणत्या कामाला किती रोज आहे, आणि बाई-गड्यात किती फरक आहे, हे तेव्हा आपल्या सगळ्यांसमोर लिहिलेलं असेल. पेरणी तोंडावर असेल, रोज ठरवायची तीच वेळ असते.

तुमची,
क्षेत्र समन्वयक